गळतीचा नकाशा

शाल एक. राखाडी, काठाला जर. अंगावर राहण्याचा एकूण काळ सतरा मिनिटं.

प्रश्न चौथा, उपप्रश्न आ. भौगोलिक कारणे लिहा: डोंगरउतारावर भातशेती पायऱ्यापायऱ्यांची असते. (गुण तीन)

बालीहून आलेले फोटो दोनशे चौदा. त्यांपैकी धम्मदीपराव नसलेले तीन.

"स्थळ आढळून आले नाही." लाल शाई, खाली सही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच वाक्य, निळी शाई.

माझा चेहरा, सहा फूट बाय चार फूट. शेजारी रेणुकाचा डावा खांदा. बाकीची रेणुका कापलेली.

नारळ एक. हा परत मागितला गेला नाही.

*

वरच्या सहा गोष्टींना जोडणारा दोरा मीच आहे. हे मान्य करायला मला बराच वेळ लागला, आणि घरात मी ते अजूनही मोठ्याने म्हणत नाही.

मी नागेश. परभणीतल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. तेवढ्यात मी हिमनद्या शिकवल्या, ज्वालामुखी शिकवले, प्रवाळबेटं शिकवली. यातलं काहीही पाहिलेलं नाही. त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. भूगोलाचा शिक्षक आणि भूगोल यांची समोरासमोर गाठ पडलीच पाहिजे असा काही नियम नाही. ज्वालामुखीच्या बाबतीत तर ती न पडलेलीच बरी.

गडबड केली ती धम्मदीपरावांनी. धम्मदीपराव म्हणजे माझे साडू, रेणुकाची थोरली बहीण सुकेशनीताई यांचे यजमान. पुण्यात असतात. मोठमोठ्या इमारतींच्या गच्च्या गळायला लागल्या की त्या बंद करण्याचं काम त्यांची कंपनी करते. माणूस वाईट नाही. फक्त जिथे जातो तिथे आधी स्वतः उभा राहतो, आणि मग मागे जी जागा उरेल तेवढा देश आपल्याला दाखवतो. बालीहून परत आल्यावर त्यांचा फोन आला.

"नागेशराव, फोटो पाहिले?"

"पाहिले."

"सगळे?"

"दोनशे चौदा."

"तुम्ही शाळेत हेच शिकवता ना? पायऱ्यांची भातशेती?"

"हो."

"आणि प्रत्यक्ष पाहिली कधी?"

फोन स्पीकरवर होता. रेणुका समोर मेथी निवडत बसली होती. तिचे हात थांबले. तिकडे सुकेशनीताईंच्या बांगड्याही वाजायच्या थांबल्या असाव्यात. चोवीस वर्षांच्या संसारात मी रेणुकाला वेरूळच्या पलीकडे नेलेलं नाही, हे त्या शांततेत चौघांनाही एकदमच आठवलं.

"आमच्या जिल्ह्यातच आहे की," मी म्हणालो.

"परभणीत? भात?"

"ताडकळसच्या पुढं. रस्ताही देखणा आहे. गाडीने जावं, हळूहळू, दोन्ही बाजू बघत."

"मग येतोच," धम्मदीपराव म्हणाले. "एकतीस तारखेला, रविवारी."

मी खोटं बोललो नव्हतो. आठवड्यापूर्वी प्रशिक्षणासाठी पूर्णेला जाताना एसटीच्या खिडकीतून मला ते दिसलं होतं. कालव्याच्या कडेला, काळ्या कोरड्या रानात, एकाखाली एक तीन हिरव्या पायऱ्या, पाण्याने भरलेल्या. पावसाने तीन आठवडे खंड दिला होता, आजूबाजूचं सोयाबीन मान टाकून उभं होतं, आणि मध्येच हे. मी खिडकीला नाक लावलं. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "वळख निघाली का कुणाची?" एका अर्थी निघाली होती. तीनच पायऱ्या होत्या हे खरं. पण पाठ्यपुस्तकातल्या चित्रातही चारच आहेत.

*

आमचे शेजारी आबासाहेब निवृत्त झाल्यापासून सल्ला देतात. कंपाउंडच्या भिंतीवर कोपर ठेवलं की समजायचं, आज मुक्काम मोठा आहे.

"भात? ह्या मातीत?" ते म्हणाले. "सर, तुम्हाला गवत दिसलं असंल."

"साळच होती, आबासाहेब."

"एसटी जोरात असती. जोरात काहीबी हिरवं दिसतं. माझं ऐका, पावण्यांना पोखर्णीला न्या. नरसिंहाचं दर्शन, बाहेर चहा, बारापर्यंत घरी. आपल्या जिल्ह्याला उगं बालीच्या लाइनीत उभं करू नका, बेजार व्हायचा बिचारा."

मला हे लागलं. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे सतरा तारखेच्या रविवारी, मी स्कूटर काढली आणि एकटाच पाहणीला गेलो. ताडकळस सोडल्यावर पाच-सहा किलोमीटरवर फाटा, फाट्याच्या आत कालव्याचा पूल, आणि पुलाच्या खाली ते वावर. गवत नव्हतं. साळ होती. मी बांधावर उभा राहिलो. तीन गुणांचं उत्तर वाऱ्यावर हलत होतं.

वावराचे मालक आश्रुबा आणि त्यांच्या पत्नी सरजाबाई तिथेच होते. जय भीम झाला. मी शिक्षक आहे म्हटल्यावर सरजाबाईंनी लगेच तीन दगडांवर चहा ठेवला.

"ही काय आमची हुशारी न्हाई, सर," आश्रुबा म्हणाले. "अकरा साल झाले, कालवा फुटलाय आतून. कालव्याला पाण्याची पाळी सुटली की पाणी पाझरायलंय. जमीन चिबड झाली. टोंगळ्याइतका चिखल. कापूस न्हाई, सोयाबीन न्हाई, काहीच येईना. आठ साल अर्ज दिले, गळती बंद करा म्हणून. पहिला तर ताडकळसच्या एका मास्तरनं लिहून दिलता. लय गोड अक्षर. तोंड आता आठवंना त्याचं."

"मग?"

"मंग काय. त्यांचा मानूस यायचा, पुलावर उभा राहायचा, जायचा. जागा सापडंना त्याला. शेवटी ही म्हणली, पाणी जाईना तर पाण्यात येणारं काहीतरी लावा. तीन पट्ट्या पाडल्या, साळ लावली. पहिल्या साली पाखरांनी खाल्ली. दुसऱ्या साली उंदरांनी. औंदा पोटरीत आलीय, कणीस पोटात धरलंय."

सरजाबाई चहा गाळत म्हणाल्या, "औंदा अश्विन पुनवेला विहारात खीर आमच्या तांदळाची. सांगून बसले मी बायांना. वर्षावासाची सांगता हाय. दर साली दुकानातला तांदूळ आणायचा, अन खीर दान करायची. औंदा आपल्या वावरातला."

त्यांनी हे अशा आवाजात सांगितलं की मी कपातला चहा संपलेला असूनही पीत राहिलो.

एकच अडचण होती. कालव्याची पाळी येत्या गुरुवारी बंद होणार होती. त्यानंतर चार-सहा दिवसांत तळची पट्टी उघडी पडते, असं आश्रुबा म्हणाले. ती काही मरत नाही, कालव्यात साचलेलं पाणी पुढच्या पाळीपर्यंत वरच्या दोन पट्ट्यांत झिरपत राहतं. त्यांना त्याची काळजी नव्हती. मला होती. एकतीस तारखेला धम्मदीपरावांना मी दोन ओल्या आणि एक कोरडी पायरी दाखवणार? ते म्हणाले असते, बालीत सगळ्या ओल्या होत्या.

मी आश्रुबांना काही न सांगता घरी आलो आणि अर्ज लिहायला बसलो.

*

*विषय: कालव्याची चालू पाळी दि. ३१ पर्यंत सुरू ठेवणेबाबत.*

*महोदय, सविनय विनंती करण्यात येते की, सोबतच्या नकाशात दर्शविलेल्या ठिकाणी कालव्यातून पाझरणाऱ्या पाण्यावर भाताचे पायरीपद्धतीचे दुर्मीळ पीक उभे आहे. दि. ३१ रोजी पुणे येथील जलरोधन क्षेत्रातील तज्ज्ञ श्री. धम्मदीप हे या ठिकाणाची प्रत्यक्ष पाहणी करणार आहेत. तरी तोपर्यंत पाण्यात खंड पडू नये, ही विनंती. सोबत: नकाशा एक.*

अर्जाला वजन यावं म्हणून मी धम्मदीपरावांचा हुद्दा घातला. तो खराच होता.

आणि नकाशा. नकाशा म्हटलं की माझा हात थांबत नाही, हे माझं व्यसन समजा. मुलांना मी सांगत आलो आहे की ज्या नकाशावरून अनोळखी माणूस डोळे झाकून पोचत नाही, तो नकाशा नव्हे, रांगोळी. मी उत्तर दिशा दाखवली. प्रमाण दिलं. समोच्च रेषा काढल्या. सूची केली: निळा कालवा, हिरवी साळ, तपकिरी बांध. आणि जिथून पाणी येतं तिथे लाल वर्तुळ: पुलापासून उजव्या काठाने एक्केचाळीस पावलं, वाकड्या बाभळीच्या बुंध्यापासून दीड हात खाली. पावलं मी स्वतः मोजली होती.

रेणुकाने पाहिला आणि म्हणाली, "सुंदर आहे. पण पाणी कुठून गळतं हे त्यांना कशाला सांगायचं?"

"नकाशा अपुरा राहतो," मी म्हणालो.

सोमवारी कालव्याच्या ऑफिसात आवक-जावक टेबलावरच्या मॅडमनी अर्ज वाचला.

"तुम्ही लाभधारक आहात?"

"नाही."

"जमीन तुमची?"

"नाही."

"मग पिकाशी तुमचं नातं काय?"

मी विचार केला. "भूगोलाचा शिक्षक."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. मग कपाटातून एक फाईल काढली. "ही जागा आमच्याकडे जुनीच आहे बघा. आठ अर्ज, आठ शेरे." त्यांनी पानं उलटून दाखवली. स्थळ आढळून आले नाही. स्थळ आढळून आले नाही. सगळ्यात खालचा अर्ज वळणदार अक्षरात होता. मी तो पाहिला आणि फाईल स्वतःच मिटली.

मॅडमनी माझा नकाशा उघडला. मग त्यांनी आतल्या खोलीतून साहेबांना बोलावलं. साहेबांनी चष्मा लावला. दोघं लाल वर्तुळाकडे पाहत राहिले. "पुण्याहून पाहणी?" साहेब हळूच म्हणाले. मी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी ऑफिसात मला खुर्ची मिळाली.

आठव्या दिवशी पत्र आलं. मला धक्का बसला, तो पत्रात काय आहे याचा नव्हे, पत्र आलं याचा. सव्वीस वर्षांत मी पगारनिश्चिती, वर्गखोलीचं छत, पृथ्वीचा गोल, मतदार यादीतलं माझं वय, अशा कितीतरी विषयांवर अर्ज केले. एकाचंही उत्तर आलेलं नाही. आणि इथे शिक्का, जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित: *आपण नकाशात दर्शविलेल्या ठिकाणी आवश्यक ती कार्यवाही पूर्ण करण्यात आली आहे.*

"म्हणजे काय केलं त्यांनी?" रेणुकाने विचारलं.

"पाळी वाढवली असणार."

"मग वाढवली असं का नाही लिहिलं?"

"ती त्यांची भाषा असते."

मी पत्राचा फोटो काढून धम्मदीपरावांना पाठवला. आबासाहेबांना भिंतीवरून मूळ प्रत दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून शिक्का तपासला. "खराय," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी कोणताही सल्ला दिला नाही.

त्या आठवड्यात शाळेत घटक चाचणी होती. वावराकडे जाऊन बघावं हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण लेखी उत्तर असताना बघायचं काय?

*

रविवारी सकाळी धम्मदीपरावांची पांढरी गाडी निघाली. पुढे ते आणि मी, मागे दोघी बहिणी. मी तोंडी माहिती देत होतो. डावीकडे कापूस, उजवीकडे तूर. हे बाभूळवन. हा विहिरीचा कठडा, दगड बेसाल्ट. गाडी खड्ड्यात गेली की सुकेशनीताई "आगं माय" म्हणत आणि मी माहितीचं वाक्य पहिल्यापासून सुरू करी.

ताडकळस मागे पडलं. फाटा आला नाही. बराच वेळ आला नाही. मग पूर्णा आली.

"नागेशराव, नकाशा नाही का बरोबर?" धम्मदीपरावांनी विचारलं.

"अर्जाला जोडला."

"झेरॉक्स?"

रंगीत होता, म्हणून काढली नव्हती. एसटी आणि स्कूटर दोन्हीवरून रस्ता ओळखीचा होता, गाडीच्या थंड काचेतून मात्र सगळी बाभळीची झाडं एकाच घरातली वाटत होती. चुडाव्याचं रेल्वे स्टेशन दिसलं तेव्हा सुकेशनीताई शांतपणे म्हणाल्या, "नागेशराव, हे पायऱ्यांवर नाही दिसत."

टपरीवर चौकशी केली. पानवाला म्हणाला, "साळंचं वावर? लय मागं राहिलं की. उलटं जा. फाट्यावर बॅनर लागलंय एका मास्तरचं, तिथून आत."

अर्ध्या तासाने फाटा आला, आणि फाट्यावर मी आलो. सहा फूट बाय चार फूट. अर्जावरच्या नंबरावरून मिळालेल्या माझ्या व्हॉट्सअॅपच्या फोटोतून मला कापून घेतलं होतं, रेणुकाचा खांदा राहून गेला होता. खाली पिवळ्या अक्षरात लिहिलं होतं: *गळतीमुक्त शिवाराचे शिल्पकार मा. नागेश सर यांचे सहर्ष स्वागत. शुभेच्छुक: दत्तराव व समस्त शेतकरी.*

"अहो, बोलला नाहीत तुम्ही," धम्मदीपराव म्हणाले. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच आदर ऐकला. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी तो आवाज जपून ठेवला असता. पण मी 'गळतीमुक्त' हा शब्द वाचत होतो. पुन्हा वाचला. मागून रेणुका म्हणाली, "अगं बाई." बस, एवढंच.

पुलाजवळ कडुलिंबाखाली तीस-चाळीस माणसं होती. चार खुर्च्या, एक स्पीकर, टेबलावर ताट. गाडीतून उतरताच एका तरुण कर्मचाऱ्याने धम्मदीपरावांच्या हातात गुच्छ दिला आणि म्हणाला, "सर, पाहणी करून घ्या. सगळं नियमाप्रमाणे आहे." धम्मदीपरावांना गुच्छ कुठेही शोभतो. ते लगेच पाहणीला गेले.

दत्तराव म्हणजे आश्रुबांचे खालच्या बाजूचे शेजारी. धुऱ्यावरून, म्हणजे बांधाच्या हद्दीवरून, दोघांचं सात वर्षं बोलणं बंद, हे मला तिथेच कळलं. माइक त्यांच्या हातात होता.

"ह्या गळतीनं माझा तीन एकर कापूस दर साली पिवळा पडायचा," ते सांगू लागले. "ऑफिसच्या मानसाला जागा सापडंना. अन सरनं येक कागद दिला. चौथ्या दिवशी गाडी आली, शिमिट आलं, मानसं आले. येका दुपारी खेळ खलास. कागदावर बाभळीचं झाड, पावलं, सगळं. असा मास्तर जिल्ह्यात न्हाई."

टाळ्या झाल्या. शाल अंगावर आली. नारळ हातात आला. धम्मदीपराव कालव्याच्या काठावरून ओरडले, "काम पक्कं आहे, नागेशराव. बोटाने दाबून पाहिलं. दहा वर्षं थेंब येणार नाही." गळती या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानला जातो.

आणि गर्दीच्या मागे आश्रुबा आणि सरजाबाई उभे होते.

*

मी शालीसकट त्यांच्याकडे गेलो. काढायचं सुचलं नाही. रेणुका माझ्यामागून आली.

तीनही पायऱ्या कोरड्या होत्या. पाणी नव्हतंच, वर माती भेगाळली होती, एकेका भेगेत माझी चार बोटं गेली असती. साळ उभी होती, पण शेंडे पिवळे पडून कागदासारखे वाजत होते. मी बांधावर उभा राहिलो. सव्वीस वर्षं मी या चित्राखाली नाव लिहीत आलो होतो.

"सर," आश्रुबा म्हणाले, "नकाशा तुमचाच ना?"

"माझाच."

"लय बारीक काढलाय. बाभळीचा वाकडेपणा सुदिक सोडला न्हाई."

"आश्रुबा, मी पाणी चालू ठेवा म्हणून अर्ज दिला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. जे मला पत्र आलं तेव्हा झालं होतं, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "म्हंजे बगा," ते सावकाश म्हणाले, "मी आठ साल बंद करा म्हणलो, त्यांनी चालू ठिवलं. तुमी चालू ठिवा म्हणलात, त्यांनी बंद केलं. आता मानसानं मागावं तरी काय?"

"तुम्ही पाण्याची मागणी का नाही केली? फॉर्म असतो ना?"

"भरायला गेलतो. म्हणले, तुमची जमीन कागदावर चिबड हाय. पाणी जास्त हाय म्हणून नोंद हाय. तिला अजून पाणी देता येत न्हाई."

सरजाबाई खाली बसल्या होत्या. एक पोटरी हातात धरून त्यांनी नखाने उकलली. आत दाणा नव्हता, नुसतं दूध धरायला लागलेलं पांढरं काहीतरी.

"वीस दिवस," त्या म्हणाल्या. "वीस दिवस पाणी पायजे होतं हिला. मंग भागलं असतं."

"दुकानात तांदूळ मिळतो की," मागून कुणीतरी बोललं.

"दुकानातला तर दर साली असतो," सरजाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं: "विहारात सांगून बसले हो मी, सर. काय तोंडानं जाऊ?"

स्पीकरवरून दत्तरावांनी पुकारलं, "आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील."

रेणुकाने माझी शाल खांद्यावर नीट केली. "बोला आता," ती म्हणाली. "आणि कृपा करून अर्ज लिहू नका."

*

सत्काराला उत्तर देण्याचं माझं एक ठरलेलं भाषण आहे. पृथ्वी गोल आहे, यावरून सुरू होतं आणि माणुसकीवर संपतं. मी माइक हातात घेतला. पृथ्वी कुठेच दिसेना.

"मी गळती बंद करायला अर्ज दिला नव्हता," मी म्हणालो. "चालू ठेवायला दिला होता."

माइक चांगला होता. पलीकडच्या वावरात खुरपणाऱ्या बायाही उभ्या राहिल्या.

"मला माझ्या साडूंना भाताच्या पायऱ्या दाखवायच्या होत्या. ते बालीला जाऊन आले आहेत. मी कुठेच गेलेलो नाही. म्हणून मी न विचारता, दुसऱ्याच्या वावराचा नकाशा काढला. तुमचं भलं झालं ते चुकून झालं, दत्तराव. आश्रुबांचं वाईट झालं, ते माझ्या हाताने झालं."

धम्मदीपराव गुच्छ घेऊन उभे होते. त्यांनी तो हळूच पाठीमागे नेला.

"सत्कार केलाच आहे तर एक मागतो. तुमच्या बोअरचं पाणी वीस दिवस या तीन पट्ट्यांना द्या. अश्विन पौर्णिमेची खीर आहे."

दत्तराव माझ्याजवळ आले. माइक अजून चालूच होता.

"सर, तुमी चालू ठिवायला अर्ज दिलता?"

"हो."

"म्हंजे माझा कापूस पिवळाच राहिला असता."

"हो."

"अन मी तुमचं फ्लेक्स लावलं."

"हो."

चाळीस माणसं दत्तरावांकडे पाहत होती. आश्रुबा जमिनीकडे पाहत होते. सात वर्षांत धुऱ्यापलीकडे एक शब्द गेला नव्हता, आणि आता पाणी जायचं होतं.

"माझी माय जाती विहारात खिरीला," दत्तराव शेवटी म्हणाले. "दर साली वाटी भरून आणती. त्या खिरीला मी न्हाई म्हणणार न्हाई." मग आश्रुबांकडे न बघता: "पाइप हाय का?"

"हाय," आश्रुबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "तुकडे हायत."

"आणा."

मी हात जोडले. दत्तरावांनी माझे हात खाली केले आणि म्हणाले, "पाणी देतो, सर. पण शाल काढा."

मी शाल काढली. त्यांनी ती व्यवस्थित चौघडी करून ताटात ठेवली. नारळाचा विषय निघाला नाही. तो रेणुकाने आधीच सरजाबाईंच्या ओटीत घातला होता.

दुपारभर पाइप जोडणं चाललं. एक जोड काही केल्या गळायचा थांबेना. धम्मदीपरावांनी बूट काढले, पँट वर केली, सायकलच्या ट्यूबची पट्टी मागवली आणि चिखलात मांडी घालून बसले. पंधरा मिनिटांनी जोड कोरडा झाला. "एवढंच येतं मला," ते म्हणाले. पाणी वरच्या पट्टीत शिरलं, भेगांतून आधी नुसता बुडबुड आवाज आला. सगळे ऐकत उभे राहिले. सुकेशनीताईंनी फोटो काढले. त्यांत धम्मदीपरावांची फक्त पाठ आहे.

परतताना परभणी आली तेव्हा धम्मदीपराव म्हणाले, "रस्ता मात्र खरंच देखणा आहे." रेणुका हसायला लागली, आणि मग थांबेचना.

*

साळ निम्मी गेली, निम्मी आली. अश्विन पौर्णिमेला आम्ही दोघं विहारात गेलो. तांदूळ तुकड्यांचा होता, खिरीला चुलीचा किंचित वास होता, वर नारळ किसून घातला होता. सरजाबाई स्वतः वाढत होत्या. वाढताना प्रत्येकाला सांगत होत्या, "वावरातला हाय." दत्तरावांच्या आईने दोन वाट्या नेल्या. फ्लेक्सचं मी विचारलं नाही, पण तो वाटेत दिसला. उलटा करून कडब्यावर टाकला आहे. पाऊस आला की माझा चेहरा आतल्या बाजूला कोरडा राहतो.

आबासाहेब भिंतीवरून म्हणाले, "मंग, होता का भात?"

"होता," मी म्हणालो.

कालव्याच्या ऑफिसातल्या त्या फाईलमधला सगळ्यात खालचा, अकरा वर्षांपूर्वीचा अर्ज माझ्या अक्षरात होता. तेव्हा मी ताडकळसच्या शाळेत होतो, आणि नकाशा जोडला नव्हता.